मुंबई ते लंडन: अंतर ७,२०० किलोमीटर, मग विमानाला दहा तास का लागतात?

प्रश्न असा आहे. आई-बाबा पहिल्यांदाच मुंबईहून लंडनला मुलीकडे निघालेत. इंटरनेटवर अंतर ७,२०० किलोमीटर दिसतं, विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर असतो असं सगळीकडे लिहिलेलं आहे. भागाकार केला की आठ तास येतात. तिकिटावर मात्र जाताना दहा तासांच्या आसपास आणि येताना नऊच्या आसपास. त्यातही भारतीय कंपनीचं विमान आणि ब्रिटिश कंपनीचं विमान यांच्या वेळा जुळत नाहीत. नेमकं कशावर विश्वास ठेवायचा?

तिकिटावरच्या वेळेवर ठेवा. तुमचा भागाकारही बरोबर आहे, पण विमान ते ७,२०० किलोमीटर उडत नाही आणि जमिनीच्या हिशोबाने त्याचा वेग ९०० नसतो. शिवाय तिकिटावरची वेळ ही हवेतली वेळ नसते. मी बरीच वर्षं फ्लाइट डिस्पॅचर म्हणून काम करते. विमान कुठल्या मार्गाने जाईल, किती उंचीवर, किती इंधन घेऊन, हे उड्डाणाच्या काही तास आधी आम्ही ठरवतो आणि कॅप्टनच्या हाती देतो. त्यामुळे हे जरा सविस्तरच सांगते.

आधी अंतर. छत्रपती शिवाजी महाराज विमानतळापासून हीथ्रोपर्यंतचं पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर सुमारे ७,२१० किलोमीटर आहे, आमच्या भाषेत ३,८९० नॉटिकल मैल. घरात पृथ्वीचा गोल असेल तर मुंबईवर आणि लंडनवर दोऱ्याची टोकं धरून दोरा ताणून बघा. दोरा कराचीच्या परिसरातून बलुचिस्तानात शिरतो, मग इराण तिरका कापत कॅस्पियन समुद्राच्या दक्षिण काठाला लागतो, अझरबैजान आणि जॉर्जिया ओलांडतो, काळ्या समुद्राच्या वर क्रिमिया आणि युक्रेन, मग पोलंड, जर्मनी आणि शेवटी उत्तर समुद्राजवळून लंडन. प्रवासाचा बरोब्बर मध्य तिबिलिसीच्या थोडा दक्षिणेला येतो. मुंबई-लंडनच्या मधोमध जॉर्जियाची सीमा येते हे ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटतं, कारण शाळेत भिंतीवर टांगलेला सपाट नकाशा डोक्यात बसलेला असतो.

आता त्या दोऱ्याखालचे देश पुन्हा वाचा. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांसाठी आपलं आकाश बंद केलं आणि ती बंदी महिन्या-महिन्याने वाढवत नेली. इराणचं आकाश जून २०२५ च्या युद्धात पूर्ण बंद झालं होतं, आणि एरवीही तिथली स्थिती आम्ही रोज तपासतो. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांसाठी बंद आहे. म्हणजे सर्वांत जवळच्या रस्त्यातले तीन मोठे तुकडे एक तर बंद, नाही तर बेभरवशाचे. तुम्हाला दिसलेले ७,२०० किलोमीटर भूमितीच्या दृष्टीने खरे आहेत, पण भारतीय विमानाला त्या रेषेवरून जाताच येत नाही.

मग विमान जातं कुठून? मुंबईहून उड्डाण केलं की ते जवळजवळ थेट पश्चिमेला, अरबी समुद्रावर जातं. समुद्रावरसुद्धा हद्दी असतात. मुंबईच्या नियंत्रणाखालचं आकाश संपून मस्कतचं सुरू होतं त्या रेषेवर पॅरार, रास्की, टोटॉक्स अशी नावं दिलेले बिंदू आहेत. खाली फक्त पाणी, पण आमच्यासाठी ते नाके. त्यातल्या एकावरून विमान ओमानकडे जातं. पुढे त्या दिवशी काय उघडं आहे त्यावर अवलंबून. साधारणपणे आखातावरून इराक, मग तुर्कस्तान, काळ्या समुद्राचा पश्चिम काठ किंवा बाल्कन देश, हंगेरी-ऑस्ट्रियाच्या बाजूने जर्मनी आणि इंग्लंड. मस्कत, बगदाद, इस्तंबूल हे टप्पे धरून मोजलं तर सुमारे ७,४०० किलोमीटर होतात. धावपट्टीवरून निघताना आणि उतरताना घ्यावी लागणारी वळणं धरली की शे-दीडशे आणखी.

यातली एक गंमत मला फार आवडते. मर्केटर पद्धतीच्या सपाट नकाशावर मुंबई आणि लंडन पट्टीने सरळ जोडले, तर ती रेषा बगदादच्या जवळून आणि इस्तंबूलच्या जवळून जाते, आणि तिची लांबीही सुमारे ७,४०० किलोमीटरच भरते. भूगोलाचे शिक्षक सांगतात की ही रेषा सरळ दिसते पण जवळची नसते, आणि ते बरोबरच आहे. पण राजकारणाने आजच्या विमानांना जवळपास त्याच पट्टीच्या रेषेवर आणून सोडलंय.

मुंबईकरांचं नशीब चांगलं की समुद्र दारातच आहे. वळसा फक्त दोनशे-अडीचशे किलोमीटरचा पडतो. दिल्लीचं तसं नाही. दिल्ली-लंडन जवळचं अंतर सुमारे ६,७०० किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षा पाचशेने कमी. पण पाकिस्तान बंद असला की दिल्लीच्या विमानाला आधी नैऋत्येला गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत खाली यावं लागतं आणि मग समुद्रावरून पश्चिमेला. तो रस्ता मोजला तर ८,००० किलोमीटरच्या घरात जातो. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगरकडची मंडळी विचारतात की तिकीट थोडं स्वस्त मिळतंय तर दिल्लीमार्गे जाऊ का. माझं स्पष्ट मत: सध्याच्या परिस्थितीत वयस्कर माणसांना मुंबईहून थेट पाठवा. आधी दिल्लीला वर जायचं आणि तिथून परत गुजरातवर खाली यायचं, यात त्यांचे बसून राहण्याचे तास फुकट वाढतात.

दोन कंपन्यांच्या वेळा वेगळ्या असण्याचं एक कारणही हेच. पाकिस्तानची बंदी भारतीय विमानांना लागू आहे, ब्रिटिश कंपन्यांना नाही. त्यांच्याकडे एक जास्तीचा रस्ता शिल्लक असतो. ते तो रोज वापरतीलच असं नाही, पण वेळापत्रक आखताना त्यांचा हिशोब वेगळा असतो.

हे सगळं नवीन आहे असंही नाही. २७ फेब्रुवारी २०१९ ला बालाकोटनंतर पाकिस्तानचं आकाश बंद झालं ते १६ जुलै २०१९ पर्यंत. आणि जुन्या काळातला रस्ता बघायचा तर ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं विमान, ‘मलबार प्रिन्सेस’ नावाचं लॉकहीड कॉन्स्टेलेशन, मुंबईहून लंडनला निघालं ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलं. जे. आर. डी. टाटा स्वतः त्यात होते. त्या पंख्याच्या विमानाचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास, एका झेपेत लंडन गाठणं शक्यच नव्हतं. १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं आणि वेळ एकदम खाली आला. पण कैरोचा तो दक्षिणेकडचा रस्ता आजही आमच्या खिशात असतो. इराक बंद झाला तर ओमान, सौदी अरेबिया, इजिप्त, भूमध्य समुद्र असा मार्ग आखावा लागतो. तो सुमारे ७,९०० किलोमीटर भरतो, म्हणजे अर्धा-पाऊण तास नक्की वाढतो. १३ जून २०२५ ला पहाटे इस्रायलने इराणवर हल्ला केला, तेव्हा भारतातून युरोप-अमेरिकेकडे निघालेली कित्येक विमानं हवेतच होती. काही मध्येच दुसरीकडे उतरवली, काही अर्ध्या वाटेतून परत फिरवली.

प्रवासी अशा वेळी चिडतात, आणि चिडणं समजण्यासारखं आहे. पण वळशाच्या बाबतीत मी कधीच तडजोड करणार नाही. १७ जुलै २०१४ ला ॲमस्टरडॅमहून क्वालालंपूरला निघालेलं मलेशियन एअरलाइन्सचं विमान पूर्व युक्रेनवर क्षेपणास्त्राने पाडलं गेलं आणि त्यातले सर्व २९८ जण गेले. त्या भागातलं आकाश त्या दिवशी ३२,००० फुटांच्या वर अधिकृतपणे उघडं होतं, आणि ते विमान ३३,००० फुटांवर होतं. उघडं असणं आणि सुरक्षित असणं यात किती फरक असतो, हे आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून कागदावर उघडा असलेला रस्तासुद्धा आम्ही दोनदा तपासतो.

आता वेग. ताशी ९०० किलोमीटर हा आकडा हवेच्या तुलनेतला आहे. ड्रीमलायनर, म्हणजे बोइंग ७८७, साधारण माक ०.८५ ने उडतं, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या ८५ टक्के. अकरा-बारा किलोमीटर उंचीवर बाहेर उणे ५५ अंशांच्या आसपास तापमान असतं, तिथे हे गणित ताशी ९०० किलोमीटरच्या जवळ येतं. पण विमान ज्या हवेतून उडतं ती हवाच वाहत असते. नदीत नाव वल्हवणाऱ्याला प्रवाहाबरोबर आणि प्रवाहाविरुद्ध जाताना जो फरक पडतो, तोच इथे. सीटसमोरच्या पडद्यावर दिसतो तो जमिनीच्या हिशोबाचा वेग, म्हणजे वारा वजा किंवा अधिक केल्यावरचा.

मध्यम अक्षांशांवर, त्या उंचीवर वारे मुख्यतः पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. हिवाळ्यात उत्तर आफ्रिका, अरबस्तान, इराण, उत्तर भारत या पट्ट्यावर त्यांचा एक जोरदार झोत असतो, जेट स्ट्रीम. त्याच्या गाभ्यात ताशी २०० किलोमीटरचा वारा ही काही नवलाची गोष्ट नाही. लंडनला जाणारं विमान त्याच्या तोंडावर जातं आणि परत येणारं त्याच्या पाठबळावर. म्हणून जायला जास्त, यायला कमी. पृथ्वी खालून फिरते म्हणून असं होतं, हा समज खूप पसरलेला आहे, पण तो चुकीचा आहे. पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि विमानही.

आमच्या फ्लाइट प्लॅनवर यासाठी एक छोटी नोंद असते: विंड कंपोनंट. समोर ‘एम ०४०’ लिहिलं असेल तर सबंध रस्त्याची सरासरी काढून वारा ४० नॉट विरोधात आहे, ताशी सुमारे ७४ किलोमीटर. ‘पी ०४०’ असेल तर तेवढाच मदतीला. मुंबई-लंडनचा प्लॅन हातात आला की मी आधी तो आकडा बघते, कारण त्यावरून इंधनाचा अंदाज लगेच येतो. मोठं ड्रीमलायनर तासाला साधारण पाच टनांच्या पुढे इंधन जाळतं. वीस मिनिटं वाढली की दीड-दोन टन आले, आणि ते इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट घडते, ती फारशी कोणाला माहीत नसते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे जमिनीलगत नैऋत्येकडून मोसमी वारे येतात, पण वर, विमानांच्या उंचीवर, द्वीपकल्पावर वारे उलटे, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात. मुंबईहून पश्चिमेला निघालेल्या विमानाला पहिले दोनेक तास त्यांचा थोडा हात लागतो. शिवाय उन्हाळ्यात तो पश्चिमी झोत उत्तरेला सरकलेला आणि कमजोर असतो. त्यामुळे जुलैतलं लंडनला जाणारं विमान जानेवारीतल्या विमानापेक्षा बहुधा कमी वेळ हवेत असतं.

जाताना वारा विरोधात आणि येताना सोबत, म्हणजे एकूण हिशोब सारखाच झाला असं वाटू शकतं. तसं होत नाही. ७,२०० किलोमीटर घ्या, वारा १०० चा धरा. जाताना ८०० च्या वेगाने ९ तास, येताना १,००० च्या वेगाने ७ तास १२ मिनिटं. बेरीज १६ तास १२ मिनिटं. वारा नसता तर १६ तास. विरोधातल्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं, म्हणून त्याचं नुकसान सोबतच्या वाऱ्याने भरून निघत नाही.

आता हे सगळं एकत्र करून बघा. प्रत्यक्ष रस्ता साडेसात हजार किलोमीटर, विरोधातला वारा सरासरी ७०, म्हणजे जमिनीचा वेग ८३०. नऊ तास आणि वर थोडी मिनिटं. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, त्याची दहा-पंधरा मिनिटं. आणि राहिलेली तीस-चाळीस मिनिटं जमिनीवरची, कारण तिकिटावरची वेळ म्हणजे ब्लॉक टाइम: मुंबईत गेटवर चाकांखालचे चॉक, म्हणजे अडसर, काढून विमान मागे ढकललं त्या क्षणापासून हीथ्रोच्या गेटवर थांबेपर्यंत. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच नीट वापरता येते आणि गर्दीच्या वेळी रांगेत थांबावं लागतं. पलीकडे हीथ्रोची तऱ्हा वेगळी. तिथे उतरण्यापूर्वी विमानांना चार ठिकाणी घिरट्या घालायला लावतात: बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ऑकहॅम आणि बिगिन. पूर्वेकडून येणाऱ्यांना बहुधा लॅम्बोर्न किंवा बिगिन. खिडकीतून खाली तीच शेतं पुन्हा पुन्हा दिसायला लागली तर आई-बाबांना सांगून ठेवा की घाबरायचं नाही, ही रोजची पद्धत आहे आणि तेवढं इंधन आम्ही धरूनच पाठवतो. दुसऱ्या विमानतळावर जाण्याचं आणि त्यावर आणखी अर्ध्या तासाचं इंधनही वेगळं असतंच.

घड्याळाचा घोळ यात सगळ्यात जास्त होतो. भारत जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे, वर्षभर. ब्रिटन हिवाळ्यात शून्यावर आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत एक तास पुढे. म्हणून फरक हिवाळ्यात साडेपाच तासांचा, उन्हाळ्यात साडेचार. समजा जानेवारीत मुंबईहून दुपारी १ ला निघून लंडनला संध्याकाळी साडेपाचला पोचायचं आहे. घड्याळात साडेचार तास दिसतात, त्यात साडेपाच मिळवा: दहा तास. परतीला लंडनहून रात्री साडेआठला निघून मुंबईला दुसऱ्या दिवशी सकाळी ११. घड्याळात साडेचौदा दिसतात, त्यातून साडेपाच वजा करा: नऊ तास. पश्चिमेला जाताना मिळवायचे, पूर्वेला येताना वजा करायचे, एवढं धरलं की चूक होत नाही.

आई-बाबांपैकी कोणाला मधुमेह असेल तर हा भाग त्यांच्यासाठी खरोखर महत्त्वाचा आहे. इन्सुलिन किंवा गोळ्यांच्या वेळा लंडनच्या घड्याळावर एकदम उड्या मारत नेऊ नका. मागच्या डोसपासून प्रत्यक्ष किती तास झाले हे धरून निघण्याआधी डॉक्टरांकडून वेळापत्रक लिहून घ्या, आणि औषधं हातातल्या बॅगेत ठेवा. हातातलं घड्याळ उतरेपर्यंत भारताच्या वेळेवरच राहू द्या, म्हणजे त्यांना हिशोब सोपा जातो. दहा तासांत तीन-चार वेळा उठून पॅसेजमधून चालायला सांगा. पाय सुजण्याची तक्रार वयस्कर प्रवाशांत नेहमीची असते.

तुम्ही लंडनला त्यांना घ्यायला जाणार असाल तर तिकिटावरची वेळ बघून घरातून निघू नका. निघायच्या आदल्या दिवशी फ्लाइट ट्रॅकिंगच्या ॲपवर त्याच क्रमांकाच्या विमानाच्या मागच्या आठवड्याच्या नोंदी उघडा. त्यात विमान गेटवरून हललं, उडालं, उतरलं आणि गेटवर लागलं अशा वेळा वेगवेगळ्या दिसतात. मागच्या सात दिवसांचा नकाशाही बघा. सगळे दिवस रेषा इराकवरून गेलेली असेल आणि कालची एकदम सौदी-इजिप्तकडे वळलेली असेल, तर आखातात काहीतरी घडलंय आणि आजही उशीर धरा. उलट रेषा रोजच्यासारखी असून विमान वीस मिनिटं आधी पोचत असेल, तर वारा हलका आहे. उतरल्यानंतर गेट, इमिग्रेशनची रांग आणि सामान यात तासभर सहज जातो, पहिल्यांदा येणाऱ्यांना आणि व्हीलचेअर घेतली असेल तर थोडा जास्तच. तेव्हा विमान जर्मनीच्या वर दिसलं की कोट चढवा आणि निघा, वेळेत पोचाल.